'बाहेर काम' रकान्यातली टिक

"गाडी बाहर खोली है क्या? मग बाहेरवालाच बघेल," टेक्निशियन बॉनेटखालून म्हणाला. मला नाही, शेजारच्याला.

मी अंबरनाथला एका कार कंपनीच्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिस ॲडव्हायझर आहे. म्हणजे गाडीची तक्रार ऐकायची आणि जॉब कार्ड भरायचं. कार्डावर 'बाहेर काम' असा रकाना असतो. दुसऱ्या गॅरेजात काही काम झालंय का, हो किंवा नाही. 'हो' असलं की फ्लोअरवर त्या गाडीत कुणी फार डोकं घालत नाही.

ही गाडी भोईरताईंची. विठ्ठलवाडीला त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल आहे, गाडी ही एकच. वळणावर स्टीअरिंग अचानक जड व्हायचं. आदल्या दिवशी शिकणारी मुलगी फूटपाथवरच चढली होती.

स्कॅनरने व्होल्टेज कमी असल्याचा कोड दाखवला. स्टीअरिंग हलकं करणारी मोटर विजेवर चालते. वीज कमी पडली की स्टीअरिंग जड. पण मॅनेजर सर कार्ड बघून मोकळे झाले. "स्टीअरिंगचं अख्खं युनिट बदला. पार्ट यायला आठ दिवस. बाहेरचा हात लागलाय, वॉरंटी नाही."

"आठ दिवस?" भोईरताई उठल्याच. "परवा सहा जणींची टेस्ट आहे. त्यांना काय रिक्षा चालवायला लावू? आणि आमच्या गॅरेजवाल्या राजूने नुसतं बॉनेट उघडून बघितलं हो! म्हणाला, ताई, आपल्याकडे स्कॅनर नाय, कंपनीत जा."

सकाळी मी त्यांना विचारलं होतं, "बाहेर दाखवली का?" त्या 'हो' म्हणाल्या. मी टिक केली. दाखवणं आणि काम करणं यांत फरक आहे, एवढं मला सुचायला हवं होतं.

सिस्टिममध्ये गाडीची हिस्टरी उघडली. तीन आठवड्यांपूर्वी बॅटरी बदललेली. आमच्याच इथे. तक्रार त्यानंतरची.

मी सरांना मेसेज केला. ते दहा फुटांवर केबिनमध्ये होते. मेसेज वाचला गेला, उत्तर नाही. मग उठावंच लागलं. दारातूनच सांगितलं, "सर, ती टिक चुकलीये. बॅटरी आपण बसवलीये. एकदा टर्मिनल बघायला सांगा ना."

बॅटरीला वायर जोडणारा क्लॅम्प हाताने फिरत होता. पाना लागला, कोड क्लिअर झाला. बदलापूर रोडवर ट्रायल घेतली, स्टीअरिंग हलकं. सॉरी कुणी म्हटलं नाही. सर मला एवढंच म्हणाले, "कार्ड नीट भरत जा."

चावी घेताना भोईरताईंनी विचारलं, "खरं सांग गं, पुढच्या वेळी कुठे नेऊ? राजूकडे की इथे?"

सर मागेच उभे होते. अशा वेळी 'गाडी फक्त कंपनीतच आणा' हे वाक्य आम्हाला ट्रेनिंगमध्ये पाठ करून घेतलेलं आहे. ते मी बाजूला ठेवलं.

"ताई, ब्रेक, क्लच राजूकडेच करा. स्कॅनरचं काम असेल तर इथे या. पण आधी राजूला विचारा. हे आपलं काम नाही, असं त्याने सरळ सांगितलं, तसं इथे तुम्हाला कुणी सांगणार नाही."