आत्याची तीन महिन्यांची घाण

आमच्या आत्याचा धंदा कपडे मळवण्याचा आणि तिच्या यजमानांचा, म्हणजे काकांचा, कपडे धुण्याचा. घर एक, न्हाणीघर एक. संसार टिकला कसा, हे दोघांनाही अजून कळलेलं नाही.

आत्या सिनेमासाठी काम करते. शिंप्याकडून करकरीत नवा कोट आला, की ती त्याच्या बाह्या पॉलिश पेपरने घासते, कॉलरला मेण नि काजळी चोळते आणि खिशांत दगड भरून तो टांगून ठेवते. खिसे असे लोंबतात, की वाटावं, बिचाऱ्या कोटाने उभा जन्म कारकुनी केली.

वेशभूषेच्या पारितोषिकाचा आजवरचा इतिहास आत्याच्या मते एका ओळीचा आहे: डोक्यावर मुकुट असेल तर मिळतं. राण्यांना मिळालं, राण्यांच्या दासींना मिळालं, एकदा तर म्हणे घोड्याच्या झुलीला मिळालं. गरिबांचा सिनेमा असला, की परीक्षकांना वाटतं, नट घरूनच तसे आले.

यंदा मात्र एका म्हाताऱ्या मास्तरांवरच्या सिनेमात वेशभूषेला आत्याचं एकटीचं नाव होतं आणि ते शेवटच्या तिघांत आलं. तिला ते पारितोषिक हवंच होतं. उगाच नम्रपणा नाही. "मेल्यावर देतील ते काय फोटोला लावायचंय?" परीक्षकांनी सिनेमा पाहिला होता, आता प्रत्यक्ष कपडे बघणार होते. आदल्या दिवशी मास्तरांचा कोट दाराला अडकवून आत्या केस कापायला गेली.

परत येते तर कोट लखलखीत. काकांनी मेण उतरवून, बाह्यांना रफू करून, वर कडक इस्त्री मारली होती.

"अहो, हे काय केलंत?"

"चार मोठ्या माणसांसमोर जायचाय. असला गबाळा पाठवू? लोक म्हणतील, नवऱ्याची लाँड्री असून ही तऱ्हा!"

"माझी तीन महिन्यांची घाण होती हो ती!"

"मग चिठ्ठी लावायची ना, घाण चांगली आहे म्हणून!"

पुन्हा मळवायला वेळ कुठला? दुसऱ्या दिवशी तोच कोट घेऊन आत्या गेली. धीर द्यायला मी सोबत. शेजारी एका राणीचा झगमगता पोशाख ऐटीत उभा. परीक्षकबाईंनी चष्मा सावरला.

"हा सिनेमातला कोट नव्हे. तो पार विटलेला होता. फसवताय का आम्हाला?"

आत्याने चौथं बटण दाखवलं. वरची तीन काळी, हे तपकिरी. सिनेमात मास्तर बोलताना सारखे हेच चाचपत असतात. बाईंनी ओळखलं.

"मग तो मळ?"

"मी लावलेला. आमच्या ह्यांनी काढला."

"म्हणजे कोट जुन्या बाजारातला नव्हता?"

"कोरं कापड आहे, बाई. हात लावून बघा."

तिन्ही परीक्षक हात लावायला उठले. राणी एकटी पडली.

पारितोषिक आत्यालाच मिळालं. माईकसमोर ती म्हणाली, "इतकी वर्षं मी मळवत आले, कुणाला दिसलं नाही. आमच्या ह्यांनी एकदा सगळं धुऊन टाकलं, तेव्हा दिसलं."

सभागृह हसलं. काका माझ्या कानाशी लागले. "बघितलंस? एवढ्या लोकांत मला टोमणा मारलाच!"

टाळ्या मात्र त्यांनी सगळ्यांच्या आधी सुरू केल्या आणि शेवटी मला त्यांचे हात धरावे लागले.