माणिकबाई मोटारीत बसल्या

अकोटच्या उत्तमरावांकडे वडिलांच्या वेळची, बासष्ट सालची काळी मोटार आहे. शेवंती पिकवणारा हा माणूस बायकोला, माणिकबाईंना, कधी फूल देत नाही, पण दर शुक्रवारी मोटारीला हार घालतो. मोटारीत खोट एकच होती. स्टिअरिंग पाव फेरा फिरवलं तरी पुढच्या चाकांना त्याचा पत्ता नसे.

अकरा वर्षांपूर्वी चांदूर बाजारजवळ रस्ता वळला आणि मोटार सरळ कोबीच्या वावरात गेली. माणिकबाई उतरल्या, साडी झटकली आणि म्हणाल्या, "हे ढिलं हाये तवर मी यात बसत नाई." घरी आल्या त्या एसटीनं.

तेव्हापासून दर वर्षी गुरुकुंज मोझरीच्या यात्रेला निघताना पुढे एसटीत माणिकबाई आणि मागे रिकाम्या मोटारीत उत्तमराव. थांब्यावर ते धावत जाऊन बसच्या खिडकीतून पाण्याची बाटली देत. एकदा कंडक्टरनं विचारलं, "मावशी, हे कोन मांगं लागले?"

"आमचे मालक हायेत. सोबत लागते त्याइले."

अकोला-अमरावतीच्या मिस्त्र्यांनी मोटारीचे सगळे सांधे बदलून पाहिले. उत्तमरावांचे दोस्त अब्दुल गफ्फार मिस्त्री यांनी तर स्टिअरिंगच्या पेटीचा स्क्रू एवढा आवळला, की वळताना उत्तमरावांचे दंड भरून येत. ढिलाई जागच्या जागी.

यंदा लग्नाला चाळीस वर्षं झाली. मोझरीला जोडीनंच जायचं, असा हट्ट धरून उत्तमराव सकाळीच गफ्फारभाईंच्या गॅरेजात गेले. गफ्फारभाई आत बसून स्टिअरिंगचं चाक हलवत होते, शेजारी बसून उत्तमराव मान हलवत होते. समोरच्या स्टँडवर निघालेल्या माणिकबाई पिशवी घेऊन उघड्या बॉनेटपाशी थांबल्या.

"गफ्फारभाऊ, हे डबडं काहून हालून राहिलं?"

"कोन्तं डबडं, वैनी?"

"ज्याच्यात तुमचा दांडा घुसते ते. तुमी चाक फिरवता अन् हे नुसतं आंग हालवते."

गफ्फारभाईंनी बॉनेटमध्ये डोकं घातलं. ज्या पेटीचं पोट अकरा वर्षं सगळे आवळत होते, ती पेटीच चासीवर सैल झाली होती. तिचे तिन्ही बोल्ट ढिले. पण चाक हलवणारा प्रत्येक शहाणा गादीवर बसून होता. बाहेर उभ्या होत्या त्या एकट्या माणिकबाई.

"उत्तमराव, उठा," गफ्फारभाई म्हणाले. "गॅरेज वैनीच्या नावानं करून टाकतो."

तीन नवे बोल्ट कचकचून बसले, स्क्रू जरा सैल झाला. आता चाक बोटभर हललं की पुढची चाकंही लगेच वळत. माणिकबाईंनी स्वतः हलवून पाहिलं आणि पिशवी मागच्या सीटवर टाकली.

पहिल्याच वळणावर उत्तमरावांनी जुन्या सवयीनं पाव फेरा मारला. मोटार चहाच्या टपरीकडे झेपावली.

"इतकं नाई," माणिकबाई म्हणाल्या. "आता ते आयकते तुमचं."

पुढच्या थांब्यावर त्यांनी मोझरीच्या बसला गाठलं. माणिकबाई उतरल्या आणि पाण्याची बाटली त्याच कंडक्टरच्या हातात दिली.

"आमी पुढं होतो, भाऊ. सोबत लागली तं सांगजा."