आठवा नंबर

आमची पलटण त्या वर्षी उत्तरेत बर्फातल्या पोस्टवर होती. एका पोस्टवरून दुसऱ्या पोस्टवर पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, जायची. अंतर चार किलोमीटर, ठरलेला वेळ तीन तास. चार किलोमीटरला तीन तास का लागतात, हे मला अजून गावात कुणाला समजावून सांगता आलेलं नाही. 'भराभरा चालत का न्हाई गेला?' असं विचारतात. मग मी विषय बदलतो.

मी भाऊसाहेब, ऑपरेटर, म्हणजे पाठीवर रेडिओ सेट घेऊन चालणारा. गाव कोल्हार. दत्तू कर्जतचा, नामदेव पुणतांब्याचा. एकाच जिल्ह्यातले तिघं, एकाच सेक्शनमध्ये. नामाच्या आईनं बांधून दिलेली शेंगदाण्याची चटणी आमच्यात चार दिवस टिकत नसे. आणखी एक सवय आम्हाला बॅरकमध्ये लागली होती. संध्याकाळच्या गिनतीला, म्हणजे हजेरीला, एखादा कॅन्टीनवर अडकला तर दुसरा त्याचा नंबर बोलून टाकायचा. कधी पकडले गेलो नाही. त्याचं आम्हाला कौतुकच वाटायचं.

त्या दिवशी १३१० ला आठ जण निघालो. पुढे सुभेदार साहेब. माझा नंबर सहावा, दत्तू सातवा, नामा शेवटचा. वाट खुणेच्या झेंड्यांची, नेहमीची, म्हणून दोर लावला नव्हता. १४२० ला धुकं उतरलं. पुढच्या-मागच्या माणसापलीकडे काही दिसेना. साहेबांनी गिनती सुरू केली. दर दहा मिनिटांनी, पुढून मागे, तोंडानं.

१४३० ची गिनती. "छह," मी बोललो. "सात," दत्तू. मग "आठ" आला. तो दत्तूच्याच आवाजात होता. मी मान वळवून पाहिलं. दत्तूनं 'चल, चल' असा हात केला. मला वाटलं, नामा दोन पावलं मागे असेल. तेवढ्यात सेटवर पोस्टनं विचारलं.

"पेट्रोल, रिपोर्ट दो. ओव्हर."

"ऑल ओके. आठ जवान. ओव्हर."

१४४० च्या गिनतीला आठ आला नाही.

नामा सापडला १५३५ ला, वाटेपासून खाली घळीत. धुक्यात त्याचा झेंडा चुकला होता. वर काढला तेव्हा धुगधुगी होती. पोस्टवर पोचेपर्यंत ती राहिली नाही. दहा मिनिटं आधी मागे फिरलो असतो तर तो वाचला असता का, हे कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

पुढे कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे फौजेची चौकशी, बसली. मला प्रश्न आला, १४३० ला आठवा आवाज कुणाचा? मी म्हणालो, नाईक दत्तूचा. तो तुला तेव्हाच ओळखू आला होता का, असं कुणी विचारलं नाही. विचारलं तेवढंच बोलायचं ही फौजेची शिस्त, आणि त्या दिवशी ती मला फार सोयीची पडली. दत्तूला सिव्हिअर रिप्रिमांड, म्हणजे कडक ताशेऱ्याची शिक्षा, मिळाली, बढती गेली, तो नाईक म्हणूनच घरी आला. मी हवालदार झालो. चौकशीच्या तंबूतून बाहेर पडताना दत्तू एवढंच म्हणाला होता, "अर्धंच सांगितलंस, भाऊसाहेब." त्यानंतर अकरा वर्षं आमचं बोलणं नाही.

पेन्शनवर आलो आणि कोल्हारला हायवेच्या कडेला मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकलं. रिटायर माणसानं नवं आयुष्य कसं सुरू करावं, यावर गावात ज्याला-त्याला भाषण देता येतं. पण विहिरीवरची मोटार जळालेला माणूस 'दहाला येतो' म्हणून परवा उगवतो, त्याचं काय करायचं ते कुणी सांगत नाही. मी दहाला पाच कमी असताना शटर उघडून बसतो. बायको म्हणते, "अहो, ही पलटण नाही. जरा दमानं घ्या." घेतो दमानं. संध्याकाळपर्यंत डोकं तापून भट्टी झालेली असते.

नामाच्या दिवशी, म्हणजे तो गेला त्या तारखेला, मात्र दुकान बंद. पुणतांब्याला त्याच्या आईकडे जायचं. तिला आम्ही मावशी म्हणतो. मी सकाळी जायचो, दत्तू दुपारी. समोरासमोर यायला नको म्हणून हे न बोलता ठरलेलं. गेल्या वर्षी मावशी भडकली.

"दोनदा च्या, दोनदा रडनं! माझं वय काय, तुमाला काय वाटतं का न्हाई? पुढल्या साली जोडीनं या. न्हाईतर येऊच नका."

मावशी नुसती बोलून सोडणाऱ्यातली नाही. ते दार बंद झालं असतं तर नामाजवळ जायला मला दुसरी जागा नव्हती.

दत्तूला फोन लावला. सहा वेळा. उचलला नाही. मेसेज केला. वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. वैतागून पहाटेची एसटी धरली, नगरला बदलली आणि १०४५ ला कर्जतला त्याच्या दारात उभा राहिलो. तो दुधाचा टेम्पो धूत होता.

"काय काम काढलं?"

"मावशीकडं जोडीनं जायचंय."

"तू जा. माझं मी बघीन."

"एकट्याला ती घेणार नाही. तुलाही नाही."

तो पाइप चाकावर धरून राहिला. पाणी माझ्या बुटांवर उडत होतं. मुद्दाम उडवत होता.

"पहाटेपासून उपाशी आलोय मी, दत्तू! माणसासारखा बोल!"

"बोलतो. पलटनीच्या थोरल्या सायबांनी चौकशीच्या आधीच तिला पत्र लिवलं हुतं. तुमच्या मुलानं शेवटच्या गिनतीला आपला नंबर दिला, म्हनून. ती गावभर सांगती, माझ्या नामाचा शेवटचा शब्द 'आठ' हुता. अकरा वर्सं मी तिच्याम्होरं बसून मान हलवतोय. तू बी हलवतोस. आता जोडीनं जाऊन हलवायची का?"

"नाही. मी सांगतो तिला."

"काय सांगतो? परत माझ्यावर ढकलनार?"

"सगळं सांगतो. मी तुझा आवाज ओळखला होता. ओळखूनही रेडिओवर आठ जवान सांगितले."

त्यानं पाणी बंद केलं. "हे आज सुचलं व्हय रे तुला?" म्हणाला आणि एक शिवी दिली. ती इथे लिहीत नाही. मग बायकोला हाक मारून मला भाकरी वाढायला लावली. येतोस का, यावर मात्र "बघू" एवढंच. त्या 'बघू'वर मी तीन आठवडे काढले. मला स्वतःचाच राग येत होता. हेच वाक्य अकरा वर्षांपूर्वी त्या तंबूत बोलायला मला कुणी अडवलं होतं?

नामाच्या दिवशी ०९०० ला कोल्हारच्या स्टँडवर भेट सांगितली होती. तो १०१० ला उतरला. मी घड्याळाकडे पाहिलं आणि गाडीला किक मारली. माझ्या मोटरसायकलवर दोघं निघालो.

मावशीनं फोटोला हार घातला होता. मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं, वेळेसकट.

"म्हंजी आठ माझा नामा बोललाच न्हवता?"

"नाही मावशी."

ती दत्तूकडे वळली. "मग तू का बोललास?"

"त्याच्या बुटाचा पट्टा सुटला हुता. सायेब वराडतील म्हनून मला म्हनला, माझा नंबर तू टाक. आलोच मी."

"काय म्हनला?"

"आलोच मी."

मावशीचा चेहरा लाल झाला. "अकरा वर्सं! अकरा वर्सं दुसऱ्याचा शब्द जपाया लावला मला तुमी!" असं ओरडली आणि आत निघून गेली. आम्ही अंगणात उभे. मला वाटलं, संपलं. शेजारून दत्तू हळूच म्हणाला, "सावधान कशाला हुबा ऱ्हायलास? विश्राम कर."

अकरा वर्षांत त्यानं पहिल्यांदा माझी चेष्टा केली. मी पाय सैल केले.

मावशी बाहेर आली ती चहा घेऊन. डोळे पुसलेले होते.

"आलोच म्हनायचा," ती म्हणाली. "गोदावरीवर पवाया जाताना बी. आलोच म्हनून जायाचा आन् दिवस मावळता यायचा. त्यो शब्द त्याचाच हाय." थोड्या वेळानं म्हणाली, "ती गिनती कशी घालता, मला दावा."

आम्ही कप खाली ठेवले. फोटोसमोर एकामागे एक उभे राहिलो. पहिले पाच नंबर मी मनात मोजले.

"छह."

"सात," माझ्या मागून दत्तू बोलला, आणि त्यानं तोंड मिटून घेतलं.

मावशी फोटोकडे बघत होती. आम्ही थांबलो. आठ कुणी बोललं नाही.