वाशिमच्या लॅबमधली हायब्रिड बुरशी

मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये कसले आलेत किस्से, असं लोकांना वाटतं. पेशंटला त्याचा रिपोर्ट समजावून सांगायची हिंमत करून पाहा, संध्याकाळपर्यंत दोन तरी जमतात! त्यात आमच्या गावंडे मॅडमचा सगळा जीव यीस्टमध्ये, म्हणजे एकपेशीय बुरशीत. दोन वेगळ्या जातींचा संकर होऊन तिसरीच बुरशी तयार होते आणि कधी कधी तीच माणसाला जास्त छळते, हे त्या कुणालाही सांगतात. कुणालाही!

*

आसेगावचे एक काका पायाचं सडकं नख घेऊन आले. मॅडम म्हणाल्या, "काका, ही साधी बुरशी नाही, हायब्रिड आहे."

काकांनी अंगठ्याकडे कौतुकानं पाहिलं. "वावरात हायब्रिड टाकलं तं खताबिगर येत नाई, मॅडम. हे फुकट कसं आलं?"

*

धनजच्या एका काकूंना मॅडमनी आणखी खोलात नेलं. "तुमच्या बुरशीचा एकच पालक सापडलाय, काकू. दुसरा शास्त्रज्ञांना अजून कुठेच मिळाला नाही."

काकूंनी पदर सारखा केला. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाल्या, "मंग तिच्या मायले इचारा ना! तिले माहीत असन!"

*

आमची टेक्निशियन सीमा, नुकतंच लग्न झालेली. मॅडम तिला शिकवत होत्या, "संकरित बुरशी दोन्ही घरचं सामान घेऊन येते. मग हळूहळू नको ते टाकून देते. जे उरतं, त्यातलं काही तिला शरीरातली उष्णता सोसायला, औषधाला तोंड द्यायला कामी येतं. कळलं?"

"कळलं. आमच्या घरी तेच चालू हाये," सीमा म्हणाली. "फक्त काय फेकाचं, ते सासू ठरवते!"

*

आणि केनवडचे शेषराव! डोकेदुखीनं हैराण झालेला माणूस. आमच्याच दवाखान्यात ॲडमिट केलं तेव्हा बायकोलाही ओळखत नव्हते. मणक्यातलं पाणी काढून, शाईत मिसळून मॅडमनी मायक्रोस्कोपखाली धरलं. काळ्या शाईत पांढरी गोल कडी! मेंदूच्या आवरणात यीस्ट शिरलं होतं. नागपूरहून तपासून आलं, दोन जातींचा संकर. त्या दिवशी मॅडमनी कुणालाच काही समजावलं नाही.

इंजेक्शनं सुरू झाली. बायको खाटेजवळून हलेना. आम्ही रोज सकाळी आधी त्यांच्याच वॉर्डात डोकावायचो. अशाच एका सकाळी शेषरावांनी डोळे उघडले, बायकोकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "काहून रडून राह्यली? कबुतरायले दाने टाकले का?"

आम्ही हसलो. मॅडमनी चष्मा पुसला आणि एकदम ताठ झाल्या. "कबुतरं? घरात?"

"माडीवर, मॅडम. पोरावानी पोसले."

"शेषराव, ही बुरशी कबुतरांच्या विष्ठेत वाढते. घरात एकही ठेवायचं नाही. शपथ घ्या!"

शेषरावांचे डोळे भरले. पण बायकोनं हात धरून शपथ घ्यायला लावलीच.

पुढच्या तपासणीला ते स्वतःच्या पायानं चालत आले. काखेत भोकं पाडलेलं खोकं. ते त्यांनी अलगद मॅडमच्या टेबलावर ठेवलं. आतून आवाज आला, गुटर्गूं!

"घरात एक बी ठेवलं नाई, मॅडम," शेषराव छाती काढून म्हणाले. "तुमाले त्या हायब्रिड बुरशीचा लय नाद हाये म्हनून खास जोडी आनली. एक पांढरं, एक काळं!"