रुंद टायर

नगरजवळच्या नागापूर एमआयडीसीत एका कारखान्यात मी तयार झालेले भाग तपासतो. माप चुकलेला भाग माझ्या टेबलावर आला की सुपरवायझर धावत येतो आणि म्हणतो, ऑपरेटरच बेकार आहे. मी त्याला तिथेच थांबवतो. आधी मशीन बघू, मग कापायचं हत्यार, मग माल, आणि माणसाचं नाव अगदी शेवटी घेऊ. हे मी इतक्या वेळा ऐकवलंय की माझी पाठ वळली की लोक माझी नक्कल करतात. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात मला सगळ्यात जास्त हेच टोचतं.

आम्ही सावेडीत राहतो. माझ्या सासूबाई कोपरगावच्या पुढे एका खेड्यात, धाकट्या मेव्हण्याजवळ. साखरेच्या आजाराने त्यांच्या डाव्या डोळ्याच्या पडद्याला सूज आली होती आणि नगरच्या डॉक्टरांनी दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यायला सांगितलं होतं. एकही चुकवायचं नाही, असं बजावून. एसटीची पायरी त्यांच्या गुडघ्यांना झेपत नव्हती. मेव्हण्याकडे मोटरसायकल आणि उसाचा ट्रॅक्टर, दोन्ही सासूबाईंच्या कामाचे नाहीत. मला रजा मिळायची मारामार. तेव्हा माझी बायको वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी ड्रायव्हिंग शिकली. आमच्या जुन्या छोट्या गाडीतून ती एकटी जायची, आईला घेऊन यायची, इंजेक्शन झालं की दोन दिवसांनी परत पोचवायची. पाच महिने हे बिनबोभाट चाललं. गाडीवर एक ओरखडा नाही.

मग मला हौस सुचली. कारखान्यातल्या एकाने गाडीला चकचकीत मोठी चाकं आणि रुंद टायर टाकले होते, ते पार्किंगमध्ये लोक वळून वळून बघायचे. मीही टाकले. गाडी एकदम भारदस्त दिसायला लागली. आमच्याकडे हवा भरायची रीतही उसाच्या ट्रॉलीवरून आलेली, टायरवर लाथ मारली की दगडासारखं लागलं पाहिजे. हवावाल्याने विचारलं, "किती मारू?" मी म्हणालो, "टाईट मार." गाडीच्या दारावर आकडा छापलेला असतो, तो मी वाचलाही नाही. दिवसभर मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मापं घेणारा माणूस मी.

पहिल्याच खेपेहून आल्यावर बायको म्हणाली, "अहो, गाडी हातातून ओढतीय. सरळ धरली तरी इकडेतिकडे पळते."

मी पेपरातून डोकंही वर काढलं नाही. "तू स्टिअरिंग सैल धरत असशील," म्हणालो.

ती पुढच्या खेपेला घट्ट धरून गेली आणि खांदे भरून आल्यामुळे रात्री मलम चोळत बसली. पुन्हा म्हणाली, रस्ता जिथे खराब आहे तिथेच ओढते, चांगल्या रस्त्यावर नाही. हे किती नेमकं सांगितलं होतं तिने! माझ्या टेबलावर कुणी एवढी नेमकी तक्रार आणली असती तर मी त्याची पाठ थोपटली असती.

त्या वर्षी अधिक महिना आला आणि सासरहून धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं आलं. जावयाचा मान म्हणजे काय ते आमच्या भागातल्या माणसाला सांगायला नको. पुरणाचे धोंडे, ताटात तेहेतीस अनारसे, वर चांदीचा दिवा, नवे कपडे, आणि त्या दिवशी जावई म्हणेल ती पूर्व दिशा. निघताना बायको म्हणाली, मी चालवते, तुम्ही शेजारी बसून बघा गाडी कशी करते ती. मी बसलो, पण बघायला नव्हे, चुका काढायला.

राहुरी सोडल्यावर मनमाड रोडचा तो पट्टा लागला. गळीत हंगामात उसाच्या जोडट्रॉल्या रात्रंदिवस जाऊन डांबर दोन बाजूंनी खचलेलं, लांबच लांब चाकोऱ्या पडलेल्या. गाडी चाकोरीत शिरली की डावीकडे हिसका द्यायची, बायको सावरायची, की उजवीकडे पळायची. "सरळ धर ना!" मी ओरडलो. ती दचकली आणि तेवढ्यात गाडी उजवीकडे पळत पलीकडच्या साईडपट्टीच्या मुरमात उतरली. समोरून मोटरसायकलवर नवराबायको येत होते, ते थोडक्यात वाचले. कुणाला काही झालं नाही. बायकोने गाडी थांबवली. मी उतरलो, तिच्या बाजूचं दार उघडलं आणि म्हणालो, "उतर. हे तुझं काम नाही."

आता जे लिहितो ते मी बरेच दिवस स्वतःलाही सांगितलं नव्हतं. पुढचा सगळा रस्ता मी चालवला आणि गाडी माझ्याही हातातून ओढत होती. तितकीच. मनगटं दुखेपर्यंत मी ती आवळून धरली, चाकोरी टाळायला निम्मा वेळ रस्त्याच्या मधून चालवली, आणि चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. शेजारी ती खिडकीबाहेर बघत बसली होती. एक शब्द बोललो असतो तर संपलं असतं.

जेवणाच्या पंगतीत मला चेव चढला. "आज तुमच्या लेकीने जावयाला धोंड्याआधीच वर पाठवला होता," मी म्हणालो आणि गाडी कशी नागमोडी चालली ते हाताने करून दाखवलं. सगळे हसले. धोंड्याला आलेल्या जावयाच्या विनोदाला हसावंच लागतं. बायको पुरणावर तूप वाढत होती. तिने माझ्या पानात वाढलं, पुढच्या पानात वाढलं, आणि वाटी ठेवून आत गेली. मेव्हणा तेवढा हसला नाही. तो अंगणात उभ्या असलेल्या गाडीच्या चाकांकडे बघत होता. मला वाटलं, चकचकीत चाकं आवडली असतील.

त्यानंतर बायकोने गाडीला हात लावला नाही. मेव्हणा म्हणाला, "दाजी, मी भाड्याची जीप करून आईला आनतो." मी त्याला उडवून लावलं. घरात गाडी असताना जीप कशाला, मी आणतो. जावयाने शब्द दिला, तिकडे सगळे निवांत झाले. पहिल्या महिन्यात कारखान्यात ऑडिट निघालं. दुसऱ्या महिन्यात रजा मंजूर होती, पण खरं सांगायचं तर त्या रस्त्यावर ती गाडी चालवायची मला भीती वाटत होती. मी काहीतरी थाप मारली. तिसऱ्या महिन्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी डाव्या डोळ्यापुढे बोटं धरली. सासूबाईंना ती मोजता आली नाहीत. मधली दोन इंजेक्शनं का चुकली, असं डॉक्टरांनी विचारलं. बायको माझ्याकडे न बघता म्हणाली, "जमलं नाही."

पुढे टायर मधोमध झिजायला लागले म्हणून मी तावातावाने एका टायरवाल्याकडे गेलो. माल हलका निघाला, असं त्याच्याकडून वदवून घ्यायचं होतं. तो खाली बसला, टायरवरून हात फिरवला, हवा मोजली आणि माझ्याकडे मान वर करून बघत राहिला.

"साहेब, गाडी मनमाड रोडला जाते का?"

"जाते."

"मग ओढत असंल. बारका टायर चाकोरीच्या तळाला बसून गपगुमान जातो. हा रुंद. तिथं मावतच न्हाई. एक कड वर चढती, दुसरी खाली घसरती, अन उतार मिळंल तिकडं गाडी पळती. त्यात ह्याच्या बाजू कडक, हवा दगडावानी. टायर दबलाच न्हाई तर रस्त्याचा समदा हिसका स्टिअरिंगला येनार. चालवनाऱ्यानं कितीबी घट्ट धरू द्या."

मी जुन्या मापाची चाकं आणि टायर घालून घेतले आणि दारावर छापलेली हवा भरून राहुरीच्या पुढे त्याच पट्ट्यावर गेलो. गाडी चाकोरीतून जराशी डुलत सरळ गेली. मला आनंद व्हायला हवा होता. मी गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलो. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. ऐकून झाल्यावर तिने एवढंच विचारलं, "त्या दिवशी पुढे तुम्ही चालवली. तुमच्या हातातून ओढत नव्हती?"

"ओढत होती," मी म्हणालो.

ती बराच वेळ तीच एक घडी मोडत आणि घालत राहिली. मग म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? मला माहीतच होतं. जिथे हसवलंत तिथे जाऊन सांगा."

रविवारी गेलो. बायकोला चालव म्हटलं तर ती नको म्हणाली आणि मागे बसली. ओसरीवर सासूबाई, मेव्हणा, त्याची बायको आणि शेजारचे दोघं होते. मी उभ्यानेच सांगितलं. चूक टायरची होती, टायर मी घातले होते, आणि गाडी माझ्याही हातातून ओढत होती हे लपवून मी हिची चेष्टा केली. कुणी हसलं नाही.

मेव्हणा खाली बघत म्हणाला, "दाजी, मला तवाच दिसलं हुतं. टायर लई रुंद हुते. पर धोंड्याच्या जेवनाला जावायाला खोटं कोन पाडनार? वाटलं, मागनं कवातरी सांगू."

माझा आवाज आला होता तिकडे सासूबाईंनी पूर्ण मान वळवली, तेव्हा कुठे मी त्यांना दिसलो असेन.

"डोळ्याचं ऱ्हाऊ द्या जावयबापू, म्हातारीचं काय," त्या म्हणाल्या. "पर ही माज्याजवळ रडली हुती. म्हनत हुती, आई, गाडीतच खोट हाय, माजी चूक न्हाई. म्याच तिला गप केलं. म्हनलं, जावई कशाला खोटं बोलत्याल? तूच गाडीला हात लावू नगंस."

मग त्या पदराने डोळे पुसून "कुटं गेली गं?" म्हणत लेकीला शोधू लागल्या. लेक त्यांच्या डाव्या हाताला, अगदी शेजारी उभी होती.