नकाशात नसलेल्या कोंबड्या

वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून एक काचेची खोली होती. तिथे बसणाऱ्या ग्रंथपाल बाईंना शिकाऊ डॉक्टर पाठीमागे ‘चाळणीबाई’ म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं. कोणाच्या तोंडून समोरच निसटलं, तर त्या चष्म्यावरून बघत म्हणायच्या, “चाळणीला भोकं असतात, ती उगाच नसतात. बोला, काय हवंय?”

नाव पडायला कारणही तसंच होतं. अमक्या विषयावरचे सगळे लेख शोधून द्या म्हटलं, की बाई आधी विचारणार, “सगळे म्हणजे कुठले सगळे?” मग एकच लेख दोनदा नोंदला गेला असेल तर एक काढून टाकणार. एकाच माणसाचं नाव तीन तऱ्हांनी छापलं असेल तर त्या तिघांचा एक माणूस करणार. एकदा त्यांनी अशीच दोन नावं जोडून टाकली आणि ते निघाले नवरा-बायको. “लग्न त्यांनी आधीच केलं होतं, मी फक्त जरा पुढे नेलं,” असं त्या नंतर स्वतःच सांगत सुटल्या.

साथीच्या काळात कोरोना विषाणूंवरच्या लेखांचा नुसता पूर आला. सूक्ष्मजीवशास्त्राचे विभागप्रमुख, ज्यांना सगळे ‘सर’ म्हणत, ते एक दिवस काचेच्या खोलीत येऊन डोक्याला हात लावून बसले.

“बाई, कोण काय लिहितंय तेच कळेनासं झालंय. मला याचा नकाशा हवा. कुठल्या देशात किती काम झालं, कोणी कोणाबरोबर केलं, कधी वाढलं, कधी ओसरलं.”

“नकाशा करू. पण घाई करायची नाही,” बाई म्हणाल्या.

रोजची कामं सांभाळून बाईंनी तो नकाशा उभा केला. जगाच्या नकाशावर देशादेशाचं वर्तुळ होतं. जिथे लेख जास्त, तिथे वर्तुळ मोठं. दोन देशांच्या लोकांनी मिळून लेख लिहिला असेल तर मध्ये एक रेघ. खाली वर्षांचा आलेख. माणसांत नवी साथ आली की आलेख ताडकन वर जायचा आणि साथ ओसरली की तोंडावर आपटायचा. या सगळ्यावर बाईंनी एक लेखही लिहिला आणि आलेखावरून त्याच्या शेवटी एक वाक्य टाकलं: ‘जग या विषाणूंकडे फक्त भीती वाटते तेव्हाच बघतं.’

सरांना ते वाक्य इतकं आवडलं, की बैठकीत चहाचा कप हातात धरून त्यांनी ते दोनदा वाचून दाखवलं. “वाक्य तुमचं, मेहनत तुमची, तेव्हा पहिलं नावही तुमचंच,” ते म्हणाले. त्या महाविद्यालयात ग्रंथालयातल्या माणसाचं नाव शोधनिबंधावर पहिलं कधीच लागलं नव्हतं. एका नामांकित नियतकालिकाच्या विशेषांकात लेख घेतलाही गेला. वर्षअखेरीला बाई निवृत्त व्हायच्या होत्या. चार लोकांत नाव होऊन बाहेर पडायचं, याहून जास्त त्यांनी काही मागितलंच नव्हतं.

त्या आठवड्यात सुट्टीच्या दिवशी दीर जेवायला आले. दीर म्हणजे जनावरांचे डॉक्टर. सारी हयात कोंबड्यांच्या लशी बनवण्यात गेलेली. जेवणं उरकल्यावर बाईंनी कौतुकाने टेबल पुसलं आणि मोठ्या कागदावर छापून आणलेला नकाशा पसरला.

दिरांनी चष्मा चढवला. बोट फिरवत फिरवत ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले आणि परत आले.

“वहिनी, छान झालंय. पण कोंबड्या कुठे आहेत?”

“आता जेवलात ना पोटभर? परत कोंबडी कशाला?” बाईंचे यजमान खुर्चीतून म्हणाले.

“दादा, तू गप्प बस. वहिनी, खरंच विचारतोय. या घराण्यातला पहिला विषाणू सापडला तो कोंबडीत. माणसातले फार मागाहून. मग डुकरांचा, मांजरांचा. आम्ही जन्मभर त्याच्याशी झटापट केली आणि तुमच्या आलेखात तो सगळा काळ कोऱ्या पाटीसारखा?”

“मी कोरोना विषाणू हा शब्द लेखात असेल ते सगळे घेतलेत, भावजी.”

“अहो, पण आम्ही त्याला त्या नावाने हाक कधी मारली? सुरुवातीला तर ते नावच नव्हतं. पुढेही आम्ही रोगाच्या नावानेच लिहीत राहिलो. कोंबडीचा श्वासनलिकेचा रोग, डुकराच्या पिलांची हगवण. विषाणूचं आडनाव लिहायला सवड कोणाला होती?”

यजमान हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी नकाशा गुंडाळला, पण गुंडाळताना त्यांचं लक्ष कागदावर नव्हतं.

सकाळी ग्रंथालय उघडताच त्यांनी संगणकावर शोधाच्या चौकटीत दिरांनी सांगितलेली रोगांची नावं घातली. नोंदी नुसत्या वाढल्या नाहीत. आलेख डावीकडे सरकत सरकत त्यांच्या जन्माच्याही मागे गेला. त्याहून वाईट म्हणजे, माणसांच्या साथी संपल्यावर जिथे बाईंचा आलेख जमिनीवर आला होता, तिथे जनावरांच्या डॉक्टरांचं काम संथपणे, न थांबता चाललेलं दिसत होतं. भीती असो वा नसो, ते लोक बघतच होते. बाईंचं ते लाडकं वाक्य सरळसरळ खोटं ठरत होतं.

त्या उठल्या आणि सरांच्या खोलीत गेल्या.

“सर, लेख मागे घ्यावा लागेल.”

सरांनी आधी चेष्टा समजून हसून घेतलं, मग सगळं ऐकलं. ते काही अडाणी नव्हते. मुद्दा त्यांच्या लगेच ध्यानात आला.

“कबूल. माझ्याही लक्षात यायला हवं होतं. पण बाई, असं करू, एक ओळ टाकू. ‘हा अभ्यास या शब्दापुरता मर्यादित आहे.’ सगळेच तसं करतात आणि त्यात लबाडी काही नाही.”

“निष्कर्ष खरा असता तर ती ओळ पुरली असती. इथे निष्कर्षच पडलाय. पडलेल्या भिंतीवर पाटी लावून काय करू?”

“विशेषांक हातचा जाईल. नव्याने करायला किती महिने लागतील, तुम्हालाच ठाऊक. तुम्ही निवृत्त झालात की संगणकावरच्या लेखांच्या संग्रहात शिरायची तुमची परवानगीही बंद. मग हे पुरं कोण करणार?”

“मी.”

“कसं?”

“ते बघते. आधी मागे तर घेऊ.”

सर जरा चिडूनच म्हणाले, “तुमचं पहिलं नाव जातंय, बाई. माझं काय, माझी चाळीस ठिकाणी आहेत.”

“म्हणूनच सर. माझं एकच लागणार आहे, ते तरी धड लागू दे.”

सरांनी संगणक पुढे ओढला. संपादकांना पत्र गेलं. त्यांचं उत्तर सभ्य आणि कोरडं आलं: विशेषांक थांबणार नाही.

मग खरं काम सुरू झालं. नुसतं रोगाचं नाव घालून भागत नव्हतं. कोंबडी खोकते ती दहा कारणांनी. शोधात नको ते लेखही जाळ्यात यायचे. जुन्या लेखांना तर सारांशच नसायचा, पूर्ण वाचल्याशिवाय कोंबडीला नेमकं काय झालं होतं ते कळायचं नाही. बाईंनी दिरांना कामाला जुंपलं. दोघं पशुवैद्यक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जायची. तिथे जुन्या अंकांचे बांधीव खंड तळघरात होते, आणि त्यांच्यावरची धूळ इतकी, की दिरांना शिंकांनी हैराण केलं.

“निवृत्त झालो तेव्हा वाटलं होतं, कोंबड्या सुटल्या. आता वहिनीने परत खुराड्यात घातलं.”

“बोलू नका, वाचा. हा लेख आपला की नाही, तेवढं सांगा.”

“आपला. नाही, थांबा. या कोंबडीला दुसराच आजार दिसतोय.”

“नक्की काय? नंतर सुनावू नका मला.”

एके दिवशी काचेच्या खोलीच्या दारात सर उभे राहिले. हातात स्वतःचा चष्मा आणि पाण्याची बाटली. “डुकरं कोणी घेतली आहेत का?” त्यांनी विचारलं. बाईंनी डुकरांच्या लेखांचा गठ्ठा त्यांच्यापुढे सरकवला. वाद सरांनीही पुन्हा काढला नाही, पण डुकरांचे लेख वाचताना अधूनमधून “शाबास रे!” असं आपसूक म्हणू लागले.

निवृत्तीच्या आधी नवा नकाशा तयार झाला. मोठी वर्तुळं थोडीफार तिथेच राहिली, पण त्यांच्यामध्ये आता खेड्यापाड्यांतल्या लस केंद्रांचे, जनावरांच्या दवाखान्यांचे बारीक ठिपके उगवले होते. दिरांनी आपल्या जुन्या प्रयोगशाळेचा ठिपका शोधून काढला.

“एवढासाच?”

“लेख किती लिहिलेत?”

“दोन.”

“मग? भोपळ्याएवढा काढू?”

आलेखात आता दोन रेघा होत्या. माणसांच्या साथींची रेघ उड्या मारणारी, आणि तिच्याखाली जनावरांची, सपाट पण न तुटणारी. बाईंनी शेवटचं वाक्य पुसलं. त्या जागी त्यांनी दोन्ही रेघांचं साधं वर्णन लिहिलं. वाचायला ते पहिल्याइतकं चटकदार नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं. सरांनी एकदा वाचलं, मान हलवली आणि लेख दुसऱ्या, जरा लहान नियतकालिकाकडे पाठवला. निरोप समारंभात भाषणं झाली. त्यात लेखाचा उल्लेख कोणी केला नाही, कारण उल्लेख करण्यासारखं छापून काही आलंच नव्हतं.

निवृत्तीनंतर दोन-तीन महिन्यांनी दीर घरी आले तेव्हा बाई पिशवीत डबा आणि पाण्याची बाटली भरत होत्या.

“वहिनी, आलं का छापून?”

“परीक्षकांची पत्रं आलीत. एकाला आवडलंय.”

“आणि दुसऱ्याला?”

“दुसरा विचारतोय, उंट कुठे आहेत?”

दिरांनी कपाळाला हात लावला. यजमान आतून ओरडले, “आता वाळवंटात जाणार का?”

“पशुवैद्यकच्या ग्रंथालयात जाणार. बाहेरच्या वाचकांना तिथे खिडकीजवळचा एक संगणक देतात, लवकर गेलं तर मिळतो. आणि त्याचं म्हणणं बरोबर आहे. उंटांतही हे विषाणू सापडतात, ते राहिलेच.” बाईंनी चपला घातल्या आणि दिरांकडे वळून बघितलं. “भावजी, उंटांतलं तुम्हाला काय कळतं?”

“काहीच नाही.”

“मग वाटेत शिका. चला.”