रिकाम्या कॅमेऱ्यातले फोटो

गल्लीत सगळे त्यांना फोटोमास्तर म्हणत. लढाई सुरू झाली, सैन्याबरोबर फोटो काढायला माणूस हवा होता. स्टुडिओला कुलूप लावून मास्तर गेले. चार महिन्यांनी पेटीभर फोटो घेऊन परतले. त्यांत तोफ एकही नव्हती. कुणी बटाटे सोलतोय, कुणी मोजे वाळत घालतोय, कुणी मित्राच्या पाठीवर कागद ठेवून पत्र लिहितोय. बायको म्हणाली, "लढाईला गेला होतात की स्वयंपाकघरात?" मास्तर हसले. पेटीत काय नाही, ते मात्र त्यांनी तिलाही सांगितलं नाही.

तिकडे आघाडीवर शेवटी शेवटी रोल संपले होते. पण पोरं केस ओले करून, भांग पाडून रांगेत उभी. घरी पाठवायला फोटो हवा होता. नाही म्हणायला जीभ रेटेना. मास्तरांनी रिकामाच कॅमेरा डोळ्याला लावला आणि एकेकाला 'हसा जरा' म्हणत खटका दाबला. नवे रोल आले की खरे काढू, असं मनाशी ठरवलं. रोल आले, तोवर त्यांतले दोघे राहिले नव्हते.

एका सकाळी त्यांपैकी एकाची आई स्टुडिओत आली. हातात त्याचं शेवटचं पत्र: फोटो काढलाय, मास्तर पाठवतील. घरी होता तो फोटो शाळेतला, मिसरूड फुटायच्या आधीचा.

रोल खराब झाला, हे मास्तरांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण स्टुलाच्या कडेवर टेकलेली ती बाई पत्राची घडी घालत होती, मोडत होती. देवाला स्मरून त्यांनी रिकाम्या कॅमेऱ्याचं, त्या दोघा पोरांचं खरं ते सांगून टाकलं. पाणी घेऊन आलेली बायको दारातच थबकली.

आईनं पत्र घडी घालून मांडीवर ठेवलं. मग म्हणाली, "कॅमेऱ्यातून पाहिलंत ना त्याला?"

"पाहिलं."

"मग सांगा."

मास्तर आठवून आठवून सांगू लागले. एका पायात मोजा, दुसरा वाळत टाकलेला. मिशी पाण्यानं बसवलेली. गळ्याची गुंडी तुटलेली, म्हणून कॉलर मुठीत धरून हसत होता.

"ती गुंडी मीच लावून दिली होती," आई म्हणाली. "दोरा कच्चा निघाला."

ती गेल्यावर बायकोनं तांब्या खाली ठेवला. "आणि दुसरा? तो कसा होता?"

मास्तरांनी डोळे मिटले. रांग आठवली, ओले भांग आठवले. त्या पोराचा चेहरा मात्र काही केल्या आठवेना.